क्रौर्य आणि समाजाची सहनशीलता : १८९० व १८९१ च्या दोन कायद्यांच्या अनुषंगाने

१

हिंदुस्थान सरकारच्या विधिमंडळाने सुमारे एका वर्षाच्या अंतराने दोन कायदे संमत केले. पहिला म्हणजे पशूंना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १८९० चा अकरावा कायदा. दुसरा म्हणजे १८९१ चा दहावा कायदा, जो महाराष्ट्रात ‘संमतिवयाचा कायदा’ या नावाने प्रसिद्ध आहे. दोन्ही कायदे लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या कारकीर्दीतील आहेत. दोहोंचा विषयही एका अर्थी एकच आहे : ज्याच्या हाती दुसऱ्या जिवाचा ताबा आहे, त्याने त्या जिवास किती यातना द्याव्यात यास मर्यादा घालणे. तथापि दोहोंच्या वाट्यास आलेले भाग्य अत्यंत भिन्न आहे. पहिल्या कायद्यास महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच स्थान मिळते. दुसऱ्याने पुण्या-मुंबईचा सुशिक्षित समाज दुभंगून टाकला, आणि त्या वादाचे पडसाद पुढे कित्येक वर्षे उमटत राहिले.

असे का व्हावे? कोणताही समाज काही प्रकारचे क्रौर्य सहन करतो व काही प्रकारचे सहन करीत नाही. ही सीमारेषा कशाने ठरते? या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, ती दयाबुद्धीच्या वाढीने ठरते. समाज जसजसा सुसंस्कृत होतो तसतशी त्याची करुणा विस्तारत जाते. प्रथम ती आप्तांपुरती असते, मग परक्यांपर्यंत पोहोचते व शेवटी मुक्या प्राण्यांनाही कवेत घेते. हे उत्तर मनास समाधान देणारे असले तरी उपलब्ध पुराव्याशी जुळत नाही. करुणेचा विस्तार खरोखरच याच क्रमाने होत असता, तर घरातील स्त्रीच्या आधी रस्त्यावरील बैलास कायद्याचे संरक्षण मिळाले नसते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, सहनशीलतेची सीमा दयेच्या कमीअधिकपणाने ठरत नसून दोन गोष्टींनी ठरते. पीडित जीव कोणाच्या स्वामित्वाखाली मानला गेला आहे, ही एक. आणि ते क्रौर्य इतरांच्या दृष्टीस पडते की नाही, ही दुसरी.

विवेचनास आरंभ करण्यापूर्वी दोन खुलासे अवश्य आहेत. पशू व स्त्री यांचा एकत्र विचार करण्यात त्यांस एका पंक्तीत बसविण्याचा हेतू नाही. हे एकत्रीकरण आपण करीत नसून त्या काळच्या कायद्याने व लोकव्यवहाराने ते केलेले होते. ते कसे केले एवढेच आपणास पाहावयाचे आहे. दुसरे असे की, कायद्याचे दप्तर म्हणजे क्रौर्याचे दप्तर नव्हे. जे न्यायालयापर्यंत पोहोचले तेवढेच त्यात सापडते. समाजाने जे निमूटपणे सहन केले त्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने कायद्यात काय आहे याबरोबरच काय वगळले आहे, हेही बारकाईने पाहिले पाहिजे.

२

हिंदुस्थानातील हे दोन्ही कायदे इंग्लंडमधील विचारप्रवाहाशी निगडित असल्याने तेथील पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे इष्ट होईल.

विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७५१ मध्ये ‘क्रौर्याच्या चार अवस्था’ ही चित्रमाला प्रसिद्ध केली. पहिल्या चित्रात एक मुलगा कुत्र्याचे हाल करतो; दुसऱ्यात तोच मोठा होऊन घोड्यास बेदम मारतो; तिसऱ्यात तो आपल्या गर्भवती प्रेयसीचा खून करतो; आणि चौथ्यात फाशी गेलेल्या त्याच्या देहाची चिरफाड शल्यवैद्य करीत आहेत. ही चित्रे सामान्य लोकांनी पाहावीत या हेतूने स्वस्तात छापली होती. पशूंवरील व स्त्रीवरील क्रौर्य ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत, ही कल्पना अशा रीतीने अठराव्या शतकातच लोकांपुढे आलेली होती. कायद्याने मात्र त्यांचा विचार एकाच वेळी केला नाही.

१८२२ मध्ये रिचर्ड मार्टिन याच्या खटपटीने पार्लमेंटने घोडे, गुरे व मेंढ्या यांस क्रूरतेने वागविणाऱ्यास दहा शिलिंगांपासून पाच पौंडांपर्यंत दंड ठेवणारा कायदा केला. १८२४ मध्ये प्राण्यांना क्रूरतेपासून वाचविण्यासाठी लंडनमध्ये संस्था स्थापन झाली व १८४० मध्ये तिला राजाश्रय मिळाला. १८३५ मध्ये बैलांवर कुत्रे सोडण्याच्या व कोंबड्यांच्या झुंजींच्या खेळांवर बंदी आली. स्त्रियांना व मुलांना होणाऱ्या गंभीर मारहाणीबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद देण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटांना मिळाला तो १८५३ मध्ये, म्हणजे मार्टिनच्या कायद्यानंतर एकतीस वर्षांनी. हा मसुदा मांडणारे हेन्री फिट्झरॉय यांनी पार्लमेंटमध्ये केलेले प्रतिपादन ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कुत्र्यांस व गाढवांस जे संरक्षण आधीच दिलेले आहे तेवढेच असहाय स्त्रियांस द्यावे, यापलीकडे आपले मागणे नाही, अशा आशयाचे ते होते. मसुदा संमत व्हावा म्हणून स्त्रीसाठी गाढवाचा दाखला द्यावा लागला, यावरून त्या सभागृहास कोणता युक्तिवाद पटण्यासारखा होता हे कळते.

फ्रान्सिस पॉवर कॉब या विदुषीच्या कार्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. १८७५ मध्ये त्यांनी जिवंत प्राण्यांवरील शस्त्रप्रयोगांविरुद्ध संस्था उभारली आणि १८७८ मध्ये इंग्लंडमधील पत्नीछळावर विस्तृत निबंध लिहिला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने, नवरा गंभीर मारहाणीबद्दल दोषी ठरल्यास पत्नीस विभक्त राहण्याचा व पोटगीचा हुकूम मिळण्याची सोय झाली. परंतु पत्नीस कोंडून ठेवण्याचा अधिकार नवऱ्यास नाही, हे तेथील अपील न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले ते १८९१ मध्ये.

या इतिहासात आणखी एक गोष्ट दिसते. पशूंविषयीच्या कायद्याचा रोख गाडीवान, खाटीक, मजूर यांच्यावर होता. उमरावांच्या शिकारीस त्याचा स्पर्श झाला नाही. कुत्र्यांच्या साह्याने होणारी कोल्ह्यांची शिकार इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने थांबविण्यात आली. मारहाणीच्या कायद्याची चर्चाही कामगार वस्तीतील मद्यपी नवऱ्यांभोवतीच फिरत राहिली. प्रतिष्ठितांच्या घरातील छळ हा सार्वजनिक चर्चेचा विषय होणे दुरापास्त होते. समाज दुसऱ्या वर्गाचे क्रौर्य प्रथम पाहतो, आपले मागाहून पाहतो, असा निष्कर्ष यावरून काढल्यास वावगे होणार नाही.

३

आता मुंबईकडे वळू. भूतदया ही काही इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हती. अशोकाच्या शिलालेखांपासून जैनांच्या पांजरपोळांपर्यंत तिची परंपरा येथे दीर्घ आहे. जून १८३२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी भटक्या कुत्र्यांची सरसकट हत्या आरंभली, तेव्हा पारशी समाज खवळून उठला. पोलिसांशी चकमकी झाल्या, दुकाने बंद झाली, आणि शहराचे व्यवहार थांबविण्यात इतर धर्मीयही सामील झाले. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना झाली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याच्या प्रतिबंधासाठी मुंबईत संस्था निघाली. पुढील दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. या शहरात करुणेचा तुटवडा होता असे कोणीही म्हणणार नाही. म्हणूनच मुंबईचे उदाहरण आपल्या प्रश्नास विशेष उपयुक्त आहे. करुणा असूनही समाज काय सहन करतो, हे येथे पाहता येते.

१८९० च्या कायद्यापूर्वी पशूंवरील इजेचा विचार १८६० च्या दंडसंहितेत झालेला होता. परंतु तो कोणत्या प्रकरणात झाला हे पाहण्यासारखे आहे. दहा रुपये वा अधिक किमतीच्या जनावरास मारणे, विष घालणे वा निकामी करणे हा कलम ४२८ प्रमाणे गुन्हा होता. बैल, गाय, म्हैस, घोडा, उंट, हत्ती इत्यादींविषयी कलम ४२९ होते. ही कलमे मालमत्तेच्या नुकसानीच्या प्रकरणातील आहेत. इजा बैलाला झाली तरी कायद्याच्या लेखी नुकसान बैलाच्या मालकाचे होते. मालकाने स्वतःच्याच बैलाचे हाल केले आणि त्यात दुसऱ्या कोणाचे नुकसान नसले, तर त्या कलमांना सहसा बोलण्यासारखे काही उरत नसे.

१८९० च्या कायद्याने ही उणीव भरून काढली. मालकासही अपराधी ठरविता येऊ लागले, व हे त्या कायद्याचे मोठे श्रेय होय. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमाचे शब्द काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. जनावरास क्रूरपणे व विनाकारण मारणे, त्याच्याकडून प्रमाणाबाहेर काम घेणे, त्यावर अतिरिक्त ओझे लादणे हा अपराध ठरला. मात्र तो रस्त्यावर, अथवा जेथे लोकांस जाता येते अशा ठिकाणी, अथवा तेथून कोणाच्या दृष्टीस पडेल अशा रीतीने घडलेला असला पाहिजे. शिक्षा शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. अर्थात मानेवर जखमा झालेला बैल भर रस्त्यात खटाऱ्याला जुंपून पराणीने टोचणे हा अपराध होता. तोच बैल बंद वाड्यात, कोणाच्या दृष्टीस न पडता मारला गेला तर या कलमाखाली तो अपराध होत नव्हता. बैलाच्या वेदनेत काहीच फरक पडत नव्हता. फरक होता तो पाहणाऱ्याच्या मनाला होणाऱ्या क्लेशात. ‘पशू’ या शब्दाची व्याख्याही पाळीव अथवा पकडून ठेवलेला प्राणी अशी असल्याने, साहेब लोकांच्या व संस्थानिकांच्या शिकारीचा प्रश्न उपस्थितच झाला नाही. धर्माने विहित केलेल्या रीतीने केलेला वध हाही कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला.

या नियमास एक अपवाद होता आणि तो अत्यंत बोधप्रद आहे. गाईने अधिक दूध द्यावे म्हणून काही गवळी ‘फुका’ नावाचा निर्घृण प्रकार करीत. त्याविषयीच्या कलमात जागेची अट घातलेली नव्हती; गोठ्याच्या आत घडला तरी तो अपराधच होता. याचा अर्थ असा की, बंद दाराच्या आत कायद्याला शिरताच येत नाही, हा काही निसर्गनियम नव्हता. जेथे शिरावे असे कायदा करणाऱ्यांस वाटले तेथे तो शिरला. आणि गवळ्याच्या गोठ्यात शिरण्यास समाजाच्या प्रतिष्ठित वर्गाची हरकत नव्हती.

४

स्त्रियांच्या बाबतीत मात्र हरकत होती आणि ती तीव्र होती. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात बालकाच्या हत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर बरेच लिहिले गेले. त्यास बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. त्यांचा मुख्य प्रश्न असा होता की, ज्या दोषांबद्दल स्त्रीस देहान्तापर्यंत नेले जाते ते दोष पुरुषांत नाहीत काय, आणि असल्यास त्यांची शिक्षा कोणास होते? जोतीराव फुले यांनी पुण्यात १८६३ मध्येच बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले होते. विधवेच्या वाट्यास येणाऱ्या हालांची माहिती समाजास नव्हती, असे म्हणण्यास म्हणूनच वाव नाही. माहिती होती, परंतु ती घरातली गोष्ट समजली जात होती.

घरातली गोष्ट न्यायालयात आली ती रखमाबाईंच्या खटल्याने. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु त्या आईच्या व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या आणि पुढे त्यांनी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. मनाविरुद्ध एखाद्या तरुणीस पुरुषाच्या स्वाधीन करणे क्रूरपणाचे होईल, आणि अशा दाव्याचा हा उपाय मुळात इंग्लंडमधील धर्मन्यायालयांचा असून हिंदू धर्मशास्त्रात त्यास आधार नाही, असे त्यांचे मत पडले. १८८६ मध्ये अपिलात हा निर्णय फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंनी एका महिन्यात नवऱ्याकडे जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा निकाल दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेस गेल्या आणि परत आल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली.

या खटल्यातील एक विसंगती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये अशा हुकुमाच्या अवज्ञेबद्दल कैद करण्याची तरतूद १८८४ मध्येच रद्द झालेली होती. हिंदुस्थानातील दिवाणी कार्यपद्धतीच्या संहितेतून ती गेली १९२३ मध्ये. इंग्लंडहून आलेला उपाय तेथे बोथट झाल्यावरही येथे धारदार राहिला; आणि जे लोक इंग्रजी कायद्याच्या हस्तक्षेपास एरवी विरोध करीत त्यांपैकी अनेकांना तो धर्मरक्षणाचे साधन वाटला. स्वतः रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहून आपल्या जातीची व्यथा मांडली होती. पशूला वाचा नसते, म्हणून त्याच्या वतीने पाहणाऱ्याने बोलावे हे समाजाने मान्य केले. येथे पीडित व्यक्ती स्वतः बोलत होती. परंतु तिचे बोलणे हाच तिचा अपराध समजला गेला.

यानंतर दोनच वर्षांनी संमतिवयाचा प्रश्न उभा राहिला. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहावरील आपली टिपणे १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली होती. परंतु कायद्यास निकड आली ती कलकत्त्यास फुलमणी दासी ही सुमारे दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली तेव्हा. दंडसंहितेप्रमाणे पत्नीचे वय दहाच्या वर असेल तर तो बलात्कार ठरत नव्हता. त्यामुळे १८९० मध्ये सुमारे पस्तीस वर्षांच्या त्या नवऱ्यास केवळ निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी आपल्यापुढे आलेल्या अशाच मुलींच्या हकीकती सरकारकडे लेखी मांडल्या. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी दहाची मर्यादा बारा करणारा मसुदा मांडला व १९ मार्च रोजी तो संमत झाला.

महाराष्ट्रात डॉ. रा. गो. भांडारकर यांनी शास्त्राधाराने, न्या. तेलंग यांनी आपल्या विचाराने व आगरकरांनी ‘सुधारका’तून या कायद्यास पाठिंबा दिला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला. या विरोधाचे स्वरूप न्यायबुद्धीने समजून घेतले पाहिजे. बालविवाहाच्या चालीचे टिळक समर्थन करीत होते असे नव्हे. विवाहाचे वय वाढविण्याच्या काही प्रतिज्ञा स्वेच्छेने घ्याव्यात अशी सूचना त्यांनी स्वतः केली होती. त्यांचा आक्षेप परकीय सरकारने समाजाच्या धार्मिक व्यवहारात हात घालण्यास होता. या भूमिकेस राजकीय अर्थ होता आणि परतंत्र देशात तो क्षुल्लक नव्हता. तथापि याच काळात गोवधबंदीसाठी सरकारने कायदा करावा, अशी मागणीही देशात मोठ्या प्रमाणावर होत होती. आणि पशूंच्या १८९० च्या कायद्यास परकीय म्हणून असा कडवा विरोध झाला नव्हता. हे सर्व करणारे लोक एकच होते असे नाही. परंतु सरकारी हस्तक्षेप नको हे तत्त्व समाजात सर्वत्र सारखे लावले जात नव्हते, एवढे यावरून निश्चित होते. ते विशेष आग्रहाने लावले जाई ते घराच्या उंबरठ्यावर.

मसुदा संमत झाला, पण उंबरठ्याचा मान राखूनच. आरोपी नवरा असल्यास दखल घेण्याचा अधिकार इलाख्याच्या शहरातील मुख्य मॅजिस्ट्रेट वा जिल्हा मॅजिस्ट्रेट यांच्यापुरता ठेवण्यात आला आणि कनिष्ठ पोलीस अंमलदारांकडे तपास देण्यास मनाई झाली. यामागे खोट्या फिर्यादींचे व पोलिसांच्या जुलमाचे भय होते आणि ते सर्वस्वी निराधार नव्हते. परंतु त्याचा परिणाम असा की, ज्या बालिकेस गावाबाहेरचा रस्ताही ठाऊक नाही तिच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणचे दार उघडे ठेवण्यात आले.

५

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे दिसते की, क्रौर्य सहन करण्यासाठी समाज सामान्यतः तीन समर्थनांचा आश्रय घेतो.

पहिले समर्थन स्वामित्वाचे. दंडसंहितेने पशूची इजा ही मालकाची हानी मानली हे वर सांगितलेच आहे. त्याच संहितेच्या कलम ४९७ ने परस्त्रीगमन हा नवऱ्याविरुद्धचा अपराध मानला होता. नवऱ्याच्या संमतीने घडल्यास तो अपराध नव्हता. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्दबातल ठरविले. दोन्ही ठिकाणी कायद्यास दुखावलेला दिसतो तो स्वामी. जेथे स्वामी हाच दुखावणारा असतो तेथे अशा कायद्यास पीडित कोणी दिसतच नाही.

दुसरे समर्थन आवश्यकतेचे. १८९० च्या कायद्यात ‘विनाकारण’ हा शब्द आहे. म्हणजे कारण असल्यास मारणे क्षम्य होते. पत्नीच्या बाबतीत इंग्लंडच्या जुन्या विधिग्रंथांत ‘माफक शासन’ अशी कल्पना होती, आणि आपल्याकडे सासरी ‘वळण लावणे’ हा वाक्प्रचार त्याच अर्थाने चालत आला. किती मार म्हणजे आवश्यक, हे ठरविणारा मात्र मारणाराच असतो.

तिसरे समर्थन धर्माचे. पशुवधाच्या कलमातील अपवाद आणि संमतिवयाच्या वादातील गर्भाधानाचा आक्षेप ही त्याची उदाहरणे. या समर्थनाचे बळ असे की, त्यामुळे क्रौर्य करणाऱ्याची जबाबदारीच नाहीशी होते. तो केवळ विधी पार पाडणारा ठरतो. परंतु विधी पार पाडण्यासही कोणाचे तरी हात लागतात. १८९० च्या सुमारास सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा झाली, व विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे त्या कष्टकऱ्यांनी ठरविले. संमतिवयाच्या वादाने वृत्तपत्रांचे रकाने भरत असताना झालेली ही घटना लहान दिसते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. ज्यांच्या हातून क्रौर्य घडवून घेतले जात होते त्यांनी ते क्रौर्य म्हणून ओळखले, आणि ‘हा आमचा प्रश्न नव्हे’ असे म्हटले नाही. सहनशीलता मोडते ती बहुधा अशाच ठिकाणी.

६

पुढील काळात या सीमारेषा सरकल्या, पण सावकाश. पशूंच्या बाबतीत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या प्रयत्नांनंतर १९६० चा कायदा झाला. त्यात क्रौर्याच्या अपराधास सार्वजनिक जागेची अट राहिली नाही. पशूचे दुःख हाच कायद्याचा विषय झाला. तत्त्वाची ही मोठी प्रगती होय. परंतु पहिल्या अपराधाची शिक्षा १९८२ च्या दुरुस्तीप्रमाणे दहा ते पन्नास रुपये दंड, एवढीच होती. १८९० मध्ये शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता, हे आठवले म्हणजे तत्त्व व तळमळ यांतील अंतर कळते.

स्त्रियांच्या बाबतीत, नवऱ्याने व सासरच्यांनी केलेली ‘क्रूरता’ हा शब्द दंडसंहितेत स्वतंत्र अपराध म्हणून आला तो १९८३ मध्ये, कलम ४९८-अ च्या रूपाने. पशूंवरील क्रूरतेचा कायदा १८९० चा. दोहोंत त्र्याण्णव वर्षांचे अंतर आहे. मारहाण हा अपराध आधीही होता हे खरे. परंतु घरातील छळास त्याच्या खऱ्या नावाने ओळखण्यास कायद्याला एवढा काळ लागला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याने राहत्या घरात संरक्षण मिळण्याची सोय केली. ज्या दाव्याने रखमाबाईंना कैदेच्या दारात नेले, तो वैवाहिक सहवासाचा दावा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये, कैदेविना का होईना, कायम राहिला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरविले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात ते ग्राह्य धरले. आणि १८९१ मध्ये ज्या अपवादातील वय दहाचे बारा करण्यावरून एवढे रण माजले, तो अपवाद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. वय आता अठरा आहे. त्यापुढील पत्नीच्या बाबतीत नवऱ्याची बळजबरी बलात्कार या व्याख्येत येत नाही. वाद अद्याप तोच आहे आणि उंबरठाही बव्हंशी तोच आहे.

७

या सर्वांवरून निघणारा निष्कर्ष असा. मुंबईच्या समाजात दयाबुद्धी विपुल होती. कुत्र्यांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या, जखमी बैलांसाठी रुग्णालय बांधणाऱ्या लोकांस निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. पशूंविषयीची करुणा खोटी होती किंवा अस्थानी होती असा निष्कर्ष तर मुळीच काढता येत नाही. कॉब यांच्या उदाहरणावरून दिसते की, एका प्रकारच्या क्रौर्याविषयीची जागरूकता दुसऱ्याविषयीच्या जागरूकतेस पोषक ठरू शकते. परंतु ती आपोआप तशी ठरत नाही. करुणा एकटी असली म्हणजे ती जेथे पाहावयास परवानगी असते तेथेच पाहते. गाईच्या गोठ्यात ती शिरू शकली, कारण तेथे स्वामी दुबळा होता. माजघरात तिला थांबविण्यात आले, कारण तेथील स्वामी हाच कायदा करणारा, वर्तमानपत्र चालविणारा व सभा भरविणारा होता.

म्हणून समाजाची सहनशीलता मोजावयाची असेल तर त्याच्या धर्मग्रंथांतील दयेची वचने किंवा दानपत्रांतील रकमा यांवर विसंबून चालणार नाही. कोणत्या पीडिताची तक्रार कोणाच्या परवानगीने ऐकली जाते, कोणत्या जागेस ‘खाजगी’ म्हटले जाते, आणि कायद्याच्या कोणत्या कलमात ‘विनाकारण’ वा ‘अपवाद’ हे शब्द येतात, याची नोंद अभ्यासकाने प्रथम केली पाहिजे. मुंबई इलाख्यातील फौजदारी न्यायालयांची जुनी दप्तरे व त्या काळची मराठी वृत्तपत्रे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. गाडीवानांवरील खटले आणि नवऱ्यांविरुद्धच्या फिर्यादी एकाच मॅजिस्ट्रेटपुढे चालत असत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्यास आपल्या समाजाने काय पाहिले आणि काय पाहण्याचे टाळले, यांविषयी अधिक नेमके बोलता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास ते इतिहासास तर उपकारक होईलच. परंतु आज ज्याकडे आपण सवयीने दुर्लक्ष करतो, ते ओळखण्यासही त्याचे साह्य होईल.